एनएफएल ड्राफ्टआधी डिफेन्सिव्ह लाइनचे खेळाडू कसे पारखायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडायचा कार्यक्रम, दर वर्षी एप्रिलच्या शेवटी होतो. ३२ संघ, ७ फेऱ्या आणि तीन दिवस. न्यू जर्सी-टेक्सासमधले मराठी प्रेक्षक असोत की पुण्या-मुंबईत पहाटे उठून सामने बघणारे, मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते डिफेन्सिव्ह लाइनबद्दल. क्वार्टरबॅकचा पास किंवा रिसीव्हरचा झेल कुणालाही दिसतो. लाइनमधली झटापट मात्र डोळ्यांसमोर घडूनही निसटते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

डिफेन्सिव्ह लाइनमध्ये नेमकं कुणाकुणाला धरायचं?

बॉलसमोर, बहुतेकदा एक हात जमिनीला टेकवून वाकलेले जे तीन ते पाच जण दिसतात, ते. त्यांचे ढोबळ दोन गट पाडा. आत खेळणारे, म्हणजे नोज टॅकल आणि डिफेन्सिव्ह टॅकल. आणि कडेला खेळणारे, ज्यांना आता सगळेच एज म्हणतात. पूर्वी ४-३ रचनेतला (पुढे चार लाइनमन, त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर) डिफेन्सिव्ह एंड आणि ३-४ मधला आउटसाइड लाइनबॅकर यांची यादी वेगवेगळी करायचे. हल्ली संघ बराच वेळ पाच-सहा डिफेन्सिव्ह बॅक (रिसीव्हर झाकणारे मागचे बचावपटू) घेऊन खेळतात, त्यामुळे तो फरक बराचसा कागदावरच उरला आहे. यादी करताना मात्र आतले आणि कडेचे कधीही एकत्र करू नका. दोघांची कामं वेगळी, शरीरं वेगळी आणि बाजारभावही वेगळा. २०१४ मध्ये जेडेव्हियन क्लाउनी, २०१७ मध्ये माइल्स गॅरेट आणि २०२२ मध्ये ट्रॅव्हॉन वॉकर हे एज पहिल्या क्रमांकावर गेले. आतला टॅकल पहिल्या क्रमांकावर शेवटचा गेला तो १९९४ मध्ये, डॅन विल्किन्सन.

‘३-टेक्निक’, ‘५-टेक्निक’ हे आकडे कशाचे?

खेळाडू स्नॅपच्या, म्हणजे सेंटरने बॉल मागे देऊन चाल सुरू करण्याच्या, आधी कुणासमोर उभा आहे, त्याचे. समोरच्या ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल आणि कडेला टाइट एंड. ० म्हणजे थेट सेंटरच्या नाकासमोर, १ म्हणजे सेंटरच्या खांद्याला लागून, ३ म्हणजे गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर, ५ म्हणजे टॅकलच्या बाहेरच्या खांद्यावर, आणि ९ म्हणजे टाइट एंडच्याही बाहेर.

हे पाठ करण्यापुरतं नाही. एकच खेळाडू ५ वर उभा असताना बांधल्यासारखा दिसतो आणि ९ वर गेला की सुटतो. म्हणून कुणाचीही आकडेवारी वाचण्याआधी तो कॉलेजात कुठे उभा राहत होता ते बघा. ट्रॅव्हॉन वॉकरचं उदाहरण घ्या. जॉर्जिया विद्यापीठाच्या तीन हंगामांत त्याचे सॅक (क्वार्टरबॅकला पास सोडण्याआधीच पाडणं) होते फक्त ९.५. पण २०२१ चा जॉर्जियाचा बचाव असा होता की पुढच्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत त्यातले पाच जण गेले. वॉकरला तिथे अनेकदा आत सरकून गॅप (लाइनमनमधली फट) धरायला लावत. क्वार्टरबॅकच्या मागे मोकळं सुटणं हे त्याचं रोजचं काम नव्हतंच. जॅक्सनव्हिलने ते ओळखून त्याला पहिला घेतला. त्याच्याऐवजी मिशिगनचा एज एडन हचिन्सन घ्यायला हवा होता का, ही चर्चा वेगळी. तिच्याकडे खाली येतो.

टेप (सामन्यांचं चित्रण) बघताना सुरुवात कुठून करायची?

सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून सविस्तर सांगतो. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे धावतो आणि लाइन अर्ध्या सेकंदात चौकटीबाहेर जाते. शक्य असेल तिथे एंड झोनमागच्या कॅमेऱ्याचं चित्रण बघा. दोन लाइनमनमधलं अंतर, हात आणि कंबर तिथूनच नीट दिसतात.

मग एकच स्नॅप चार-पाच वेळा चालवा, आणि दर वेळी एकाच गोष्टीवर नजर ठेवा. समजा तिसरा डाउन आहे (१० यार्डांसाठीच्या चार संधींपैकी तिसरी), ८ यार्ड हवे आहेत, म्हणजे पास येणार हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपला एज टॅकलच्या बाहेर उभा आहे. पहिल्या वेळी फक्त बॉल आणि त्याचं पुढचं पाऊल बघा. बॉल हलताक्षणी तो हलला, की शेजारचा हललेला पाहून हलला? दुसऱ्या वेळी उंची बघा. तिसऱ्या पावलाला त्याचं हेल्मेट समोरच्या टॅकलच्या हेल्मेटच्या खाली आहे का? ताठ झाला असेल तर पुढचा जोर वाया गेला म्हणून समजा.

तिसऱ्या वेळी फक्त हात. टॅकलचे पंजे छातीवर बसण्याआधी त्याने ते खालून झटकले का, की पंजे बसल्यावर सोडवत बसला? कॉलेजमधले बरेच एज निव्वळ वेगावर टॅकलला वळसा घालतात आणि हात शरीराजवळ लोंबत असतात. एनएफएलमधला टॅकल त्या हातांवरच पकड घेतो. चौथ्या वेळी, पहिली चाल अडली की पुढे काय होतं ते बघा. बाहेरून निघालेला आत कापतो का, की तिथेच छाती लावून ढकलत राहतो? यालाच प्रतिचाल म्हणायचं. माझ्या दृष्टीने कॉलेज आणि एनएफएल यांच्यातलं सगळ्यात मोठं अंतर इथे आहे. शेवटी वळण बघा. क्वार्टरबॅक साधारण सात यार्ड मागे असतो. तिथे पोचल्यावर ज्याचा घोटा वाकतो आणि आतला खांदा खाली जातो तो वळतो. ज्याचं शरीर ताठ, तो वेग असूनही क्वार्टरबॅकच्या मागून निघून जातो.

एका खेळाडूचे किमान चार-पाच पूर्ण सामने असे बघा, आणि त्यात तगड्या ऑफेन्सिव्ह लाइनविरुद्धचा एक तरी असू द्या. हायलाइट्स पाहून मत बनवू नका. त्यात फक्त जिंकलेले स्नॅप असतात आणि हरलेले स्नॅप जास्त शिकवतात. चौथ्या क्वार्टरचे स्नॅप वेगळे काढा. १३० किलोचा माणूस पन्नासाव्या स्नॅपलाही खाली राहून निघतोय का, हे तिथेच कळतं.

कॉलेजमधल्या सॅकच्या आकड्यावर किती भिस्त ठेवायची?

एकट्या त्या आकड्यावर अजिबात नको. सॅक हे शेवटचं फळ, आणि ते कुणाच्या मेहनतीचं हे आकडा सांगत नाही. शेजाऱ्याने क्वार्टरबॅकला पुढे पळवलं आणि तो आयता हातात आला, मागच्या बचावाने रिसीव्हर झाकले म्हणून चार सेकंद मिळाले, किंवा कुणी अडवलंच नाही, तरी नोंद एक सॅक अशीच होते. उलट कॉलेजात बॉल इतक्या पटकन सोडतात की उत्तम चाल खेळूनही हाती काही लागत नाही. म्हणून मी प्रेशर (क्वार्टरबॅकवर आणलेला दबाव, सॅक होवो न होवो) मोजतो, आणि त्यातही समोरच्याला स्वतः हरवून आणलेलं प्रेशर वेगळं लिहितो.

२०१९ चा रेडर्सचा ड्राफ्ट या बाबतीत डोळे उघडणारा आहे. त्यांनी चौथ्या क्रमांकावर क्लेमसनचा क्लेलिन फेरेल घेतला. कॉलेजात २७ सॅक, राष्ट्रीय विजेत्या संघातला खेळाडू. त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत १०६ व्या क्रमांकावर ईस्टर्न मिशिगनचा मॅक्स क्रॉसबी घेतला. फेरेलने रेडर्सकडे चार हंगामांत १० सॅक केले, क्रॉसबीने पहिल्याच हंगामात १०. क्लेमसनच्या त्या लाइनमध्ये फेरेलच्या शेजारी उभे असलेले क्रिश्चियन विल्किन्स आणि डेक्स्टर लॉरेन्सही त्याच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले. असे शेजारी असताना समोरचा संघ एकट्या फेरेलकडे दोन माणसं पाठवू शकत नव्हता. क्रॉसबीला ही चैन नव्हती.

मग कॉलेजात सॅकच नसलेला खेळाडू घ्यावा का?

कधी कधी घ्यावा. डॅनियल हंटरने एलएसयूकडे (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) शेवटच्या हंगामात फक्त १.५ सॅक केले होते. २०१५ मध्ये मिनेसोटाने त्याला तिसऱ्या फेरीत ८८ व्या क्रमांकावर घेतलं. २०१८ आणि २०१९ या दोन्ही हंगामांत त्याचे १४.५ सॅक झाले. लांब हात, लवचीक कंबर आणि कोवळं वय, हे सगळं टेपमध्ये दिसत होतं. वळसा कसा घालायचा ते कुणी शिकवलं नव्हतं. पण लक्षात घ्या, त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं. अशाच खेळाडूवर पहिल्या दहातली निवड लावायची तर प्रशिक्षकावर तितकाच विश्वास हवा.

कंबाइनमधली कुठली चाचणी गंभीरपणे घ्यायची?

कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची खेळाडूंची मोजमापं आणि शारीरिक चाचण्या, फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला होतं. सगळ्यांची नजर ४० यार्डांच्या धावेवर असते, पण लाइनमन सामन्यात ४० यार्ड सरळ कधी धावतो? त्यातले पहिले १० यार्ड बघा. एज त्यात १.६ सेकंदांच्या आसपास असेल तर पहिलं पाऊल खरंच चपळ आहे. त्याच्या जोडीला तीन शंकूंची धाव. तीत दिशा बदलताना किती वाकता येतं ते कळतं, आणि एजने ती सात सेकंदांच्या आत संपवली तर मी टेप पुन्हा काढतो. क्रॉसबीची वेळ ६.८९ होती, हचिन्सनची ६.७३. आतल्या टॅकलसाठी उंच आणि लांब उडी जास्त बोलकी, कारण जड शरीराने एका क्षणात किती स्फोट होतो ते त्यात मोजलं जातं.

बेंच प्रेसवर २२५ पौंड, म्हणजे साधारण १०२ किलो, किती वेळा उचलले याला मी फारसं महत्त्व देत नाही. ओहायो स्टेटच्या व्हर्नन गोल्स्टनने २००८ मध्ये ते ३७ वेळा उचलले, जेट्सने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं, आणि एनएफएलमध्ये त्याच्या नावावर एकही सॅक लागला नाही. त्याआधी १९९५ मध्ये बॉस्टन कॉलेजच्या माइक मामुलाने खास कंबाइनच्या चाचण्यांचीच तयारी करून सगळ्यांना थक्क केलं. ईगल्सने त्याच्यासाठी टँपा बे-बरोबर सौदा करून बाराव्या क्रमांकावरून सातव्यावर उडी घेतली, आणि टँपा बे-ने बाराव्या क्रमांकावर वॉरन सॅप घेतला. मामुला वाईट खेळाडू नव्हता, कारकिर्दीत ३१.५ सॅक ही काही लाजिरवाणी गोष्ट नाही. पण सॅप हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या सन्मानदालनात) गेला.

माझी पद्धत साधी आहे. आधी टेप बघून मत लिहून ठेवायचं. मग चाचणीचा आकडा त्या मताशी जुळला तर पुढे जायचं. नाही जुळला, तर मत लगेच न बदलता टेपकडे परत जायचं आणि आपलं काय सुटलं ते शोधायचं. टेरेल सग्ज कॉलेजात २००२ च्या हंगामात २४ सॅक करून आला, पण ४० यार्ड हळू धावला आणि दहाव्या क्रमांकापर्यंत घसरला. ज्यांनी परत जाऊन टेप पाहिली त्यांना त्याचं पहिलं पाऊल आणि हात पुन्हा दिसले असते. बॉल्टिमोरला ते दिसले. पहिल्याच हंगामात १२ सॅक, पुढे २०११ चा सर्वोत्तम बचावपटू.

हात आखूड असतील तर खेळाडू बाद?

बाद नाही, पण हिशेबात धरायचं. एजसाठी ३३ इंच ही बऱ्याच संघांची मनातली रेघ असते. ज्याचे हात लांब तो आधी समोरच्याच्या छातीला पोचतो आणि अंतर त्याच्या मर्जीने ठरतं. २०२२ मध्ये वॉकरचे हात साडेपस्तीस इंच होते, हचिन्सनचे बत्तीसच्या जरा वर. वॉकर पहिला गेला, हचिन्सन दुसरा. हचिन्सनने मिशिगनकडे आदल्या हंगामात १४ सॅक केले होते आणि डेट्रॉइटकडे पहिल्याच हंगामात ९.५ केले. वॉकरचे पहिल्या हंगामात ३.५, दुसऱ्यात १०. मी तेव्हाही हचिन्सनला वर ठेवलं असतं आणि आजही ठेवेन, कारण आखूड हातांची भरपाई तो कशी करतो हे टेपमध्ये स्नॅपमागून स्नॅप दिसत होतं. हात लवकर मारायचे आणि टॅकलला आपल्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही.

आतल्या खेळाडूंमध्ये याचं सर्वात मोठं उदाहरण अ‍ॅरन डोनाल्ड. सहा फूट एक इंचाच्या आत, वजन २८५ पौंड, हात तेहतीसच्या आत. २०१३ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाकडून खेळताना २८.५ टॅकल्स फॉर लॉस (बॉलवाल्याला चाल सुरू झालेल्या रेषेमागे पाडणं) आणि ११ सॅक, बचावपटूंसाठीचे मोठे पुरस्कार खिशात, कंबाइनला ४० यार्ड ४.६८ सेकंदांत. तरीही तो २०१४ मध्ये तेराव्या क्रमांकापर्यंत थांबला. पुढे २०१७, २०१८ आणि २०२० असे तीन वेळा सर्वोत्तम बचावपटू. पण दर वर्षी एखाद्या बुटक्या टॅकलला ‘पुढचा डोनाल्ड’ म्हणतात, ते थांबवा. तो वेग आणि ते हात एकाच शरीरात पुन्हा येणं फार दुर्मीळ.

नोज टॅकलला कसं पारखायचं? त्याचे तर सॅकच नसतात.

दोन माणसं अंगावर आल्यावर तो मागे किती सरकला, हे बघा. गार्ड आणि सेंटर मिळून ढकलत असताना जो जागेवर गुडघा वाकवून उभा राहतो, त्याच्यामागचे लाइनबॅकर मोकळे राहतात. त्यांनी बॉलवाल्याला पाडलं की त्यात याचा वाटा असतो, आकडेवारीत मात्र तो कुठेच दिसत नाही. मग हेही बघा की बॉल बाहेर गेल्यावर तो एका हाताने गार्डला सोडून बाजूला सरकू शकतो का. जॉर्जियाचा जॉर्डन डेव्हिस ३४१ पौंडांचा, आणि ४० यार्ड ४.७८ सेकंदांत धावला. ईगल्सने त्याला २०२२ मध्ये तेराव्या क्रमांकावर घेतलं. त्याच्याबाबत खरा प्रश्न असा होता की तो सामन्यातले किती स्नॅप दमाने खेळू शकेल, कारण कॉलेजात तो तिसऱ्या डाउनला बऱ्याचदा बाहेर बसायचा. पासच्या वेळी बाहेर बसणाऱ्यासाठी इतकी वरची निवड खर्च करावी का, यावर संघांची मतं वेगवेगळी असतात. माझ्या मते संघात बाकी लाइन पक्की असेल तरच करावी.

कुस्तीची पार्श्वभूमी असलेल्या खेळाडूंना जास्त गुण द्यावेत का?

हो, विशेषतः आत खेळणाऱ्यांना. आपल्याकडे तालमीत वस्ताद पोरांना जे सतत बजावतात, कंबर खाली, डोकं छातीला, समोरच्याचा तोल कुठे गेला ते अंगाने ओळख, नेमकं तेच डिफेन्सिव्ह टॅकलला लागतं. २०१८ मध्ये तिसऱ्या फेरीत बफेलोने घेतलेला हॅरिसन फिलिप्स शाळेत असताना तीन वेळा राज्य कुस्ती विजेता होता. २०२५ मध्ये पाचव्या क्रमांकावर क्लीव्हलंडला गेलेला मिशिगनचा मेसन ग्रॅहमही शाळेत कुस्ती खेळला. त्याची टेप बघताना ते लगेच जाणवतं. गार्डचं वजन एका बाजूला कललं की हा त्याच बाजूने त्याला खेचून दुसरीकडून निघतो.

सिनियर बोलच्या सरावाला इतकं महत्त्व का?

सिनियर बोल हा ड्राफ्टला निघालेल्या कॉलेज खेळाडूंचा प्रदर्शनी सामना. अलाबामातल्या मोबील शहरात जानेवारीच्या अखेरीस तो होतो. सामन्यापेक्षा आठवडाभराचा सराव महत्त्वाचा, त्यातही एकास एक झुंजी. छोट्या कॉलेजचा खेळाडू मोठ्या कॉलेजच्या टॅकलसमोर उभा राहिलेला तिथे प्रथमच दिसतो. डोनाल्डही तिथे गेला होता आणि त्याने गार्डची अवस्था वाईट केली होती. एक सावधगिरी बाळगा. या झुंजीत बॉल घेऊन धावण्याची चाल येईल अशी भीती नाही, बाजूला मदत नाही, जागा भरपूर. सगळं बचावपटूच्या बाजूचं. म्हणून तिथे कोण जिंकलं यापेक्षा मंगळवारी हरलेली चाल त्याने गुरुवारी सुधारली का, हे मी बघतो.

छोट्या कॉलेजचे खेळाडू धोक्याचे असतात का?

डिफेन्सिव्ह लाइनमध्ये तरी इतर जागांपेक्षा कमी. मायकल स्ट्रेहान टेक्सस सदर्नचा, जॉन रँडलला तर १९९० मध्ये कुणी निवडलंच नाही आणि तो १३७.५ सॅक करून हॉल ऑफ फेममध्ये गेला. २०२४ चा सर्वोत्तम नवोदित बचावपटू जॅरेड व्हर्स ऑल्बनीतून सुरुवात करून फ्लोरिडा स्टेटला आला होता. आता ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलण्याची सोय) असे खेळाडू ड्राफ्टआधीच मोठ्या कॉलेजात पोचतात, त्यामुळे तुलना सोपी झाली आहे. जो तिथेच राहिला त्याने आपल्या पातळीवर नुसतं चांगलं खेळून भागत नाही, धुमाकूळ घालायला हवा.

वय बघायचं का?

बघायचं. २०२० च्या महामारीच्या हंगामामुळे अनेकांना कॉलेजात एक वर्ष जास्त मिळालं. २४ वर्षांचा एज १९ वर्षांच्या टॅकलला रेटतो तेव्हा त्यातलं किती कौशल्य आणि किती अंगाचं पक्केपण, हे स्वतःला विचारा.

दुखापती आणि वैद्यकीय अहवालांचं काय?

ते आपल्यापर्यंत अर्धवटच पोचतात. संघांसाठी मात्र कंबाइनचा सगळ्यात मोलाचा भाग वैद्यकीय तपासणीच असतो. २०१८ मध्ये मिशिगनचा मॉरिस हर्स्ट पहिल्या फेरीतला मानला जात होता. कंबाइनमध्ये हृदयाची तक्रार आढळली आणि त्याला चाचण्या देता आल्या नाहीत. शेवटी पाचव्या फेरीत रेडर्सने घेतलं, आणि तो लीगमध्ये खेळला. म्हणून एखादा खेळाडू कारण न कळता घसरत गेला तर आपली यादी चुकली असं लगेच मानू नका.

ड्राफ्ट भारतातून बघायचा तर किती वाजता?

पहिली फेरी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने गुरुवारी रात्री ८ ला, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे ५.३० ला. दुसरी आणि तिसरी फेरी शनिवारी पहाटे ४.३० ला. डिफेन्सिव्ह लाइनची आवड असेल तर झोप मोडायची ती शनिवारी. स्ट्रेहान ४० वा, हंटर ८८ वा आणि ट्रे हेन्ड्रिक्सन १०३ वा गेला, सगळे याच दोन फेऱ्यांत. चौथी फेरी आपल्या शनिवारी रात्री ९.३० ला सुरू होते, क्रॉसबी तिच्यात गेला होता.